मार्गी लावण्याची निवांत पद्धत

माणसाच्या आयुष्यातली निम्मी दुःखं पसाऱ्यापायी असतात आणि उरलेली निम्मी तो पसारा आवरावा लागतो यापायी. पहिल्या निम्म्यावर थोरामोठ्यांनी पुष्कळ विचार करून ठेवला आहे. दुसऱ्या निम्म्याकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही, कारण थोरामोठ्यांच्या घरी आवरणारं माणूस वेगळं असे. ही उणीव अलीकडे आमच्या मेहुण्यांनी भरून काढली. त्यांच्या कार्याची नोंद कुठेतरी व्हावी म्हणून हा प्रपंच.

मेहुणे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. विम्याच्या कचेरीत, दावे तपासण्याच्या खात्यात ते नोकरीला आहेत. लोकांच्या अडचणी नीट वाचायच्या आणि त्यांवर ‘अधिक माहिती मागवावी’ असा शेरा मारायचा, हे त्यांचं काम. दुसऱ्याच्या अडचणीपुढे इतका स्थिर राहणारा हा माणूस स्वतःच्या घरात मात्र पाण्यातून काढलेल्या मासोळीसारखा असे. दाराला कुलूप लावलं की ते ओढून बघायचे. जिना उतरून पुन्हा वर यायचे आणि पुन्हा ओढायचे. शेवटी कुलपाची कडीच सैल झाली, आणि मग तर त्यांची काळजी रास्तच ठरली. "यांच्या शेजारी झोपणं म्हणजे चालू पंपाशेजारी झोपणं," असं बहीण म्हणत असे.

अशा माणसाला कचेरीतल्या कुणीतरी ‘निवांत वर्गा’ची वाट दाखवली.

हा वर्ग एका सभागृहाच्या वरच्या मजल्यावर भरतो. प्रशिक्षक तरुण आहेत, पांढरे कपडे घालतात आणि दोन शब्दांच्या मध्ये इतकं थांबतात की ऐकणाऱ्याला वाटावं, संपलं. (यापूर्वी ते गाद्या विकत, त्यामुळे निवांतपणाशी त्यांचा संबंध जुना आहे.) त्यांच्या शिकवणीचं सार असं, की काम आपल्या अंगावर येतं ते झालेलं नसतं म्हणून नव्हे, त्याला घरात जागा नसते म्हणून. त्याला जागा द्या, ते गप्प बसेल. थोडक्यात, काम करायचं नसतं, ठेवायचं असतं. या मूळ तत्त्वातून जे नियम निघाले, ते जिज्ञासूंसाठी देत आहे.

एक. कोणताही पसारा आवरू नये, त्याला नाव द्यावं. नाव दिलेला पसारा हा पसारा राहत नाही, संग्रह होतो.

दोन. कोणतंही काम टाळू नये, डब्यात ठेवावं. (टाळणं आणि ठेवणं यांत एका झाकणाचा फरक आहे.)

तीन. जे काम बसल्या जागी उरकतं ते लगेच करावं. जे उरकत नाही ते काम नसून प्रकल्प असतो, आणि प्रकल्पाची घाई करणं हे अपरिपक्व मनाचं लक्षण आहे.

चार. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देऊ नये, जागा दाखवावी.

पाचवा नियम वरच्या वर्गात शिकवतात. त्याची फी वेगळी आहे.

मेहुण्यांनी लेबल छापायचं एक यंत्र घेतलं, झाकणाचे पारदर्शक डबे घेतले, आणि बैठकीच्या खोलीत एका भिंतीला खालपासून वरपर्यंत फळ्या ठोकून घेतल्या. त्या फळ्या ठोकायला सुतार आला होता. त्याचं काम मात्र त्याने जुन्या पद्धतीने केलं, म्हणजे केलं.

पुढे मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा घर ओळखू येईना. खुर्चीवर कपड्यांचा ढीग पूर्वीचाच होता, पण त्याच्या माथ्यावर ‘एकदाच घातलेले’ असं लेबल होतं, आणि त्यामुळे तो ढीग काहीतरी ठरवून तिथे बसल्यासारखा दिसत होता. एका खणावर ‘इतर’ आणि त्याखालच्या खणावर ‘इतरांपैकी इतर’. दाराशी एकच चप्पल होती, तिच्यावर ‘दुसरी सापडेपर्यंत’. खिडकीच्या फुटक्या तावदानावर ‘काच येणार’. स्वयंपाकघरातला नळ पूर्वी ठिबकत असे आणि त्या आवाजाने मेहुणे जागे राहत. आता नळावर ‘माहीत आहे’ असं लेबल आहे. नळ ठिबकतो आणि मेहुणे झोपतात. नळात काडीचाही बदल झालेला नाही, आणि यातच या पद्धतीची थोरवी आहे.

मी बहिणीला आत गाठून विचारलं, "हे काय आरंभलंय गं?"

"दादा, आधी मीही हसले," ती म्हणाली. "पण खरं सांगू, आमची भांडणं बंद झालीत. भांडण आलं की चिठ्ठीवर लिहायचं आणि ‘रविवारी बोलू’ या डब्यात टाकायचं. रविवारी उघडलं तर एका चिठ्ठीवर नुसतं ‘तुमची आई’ एवढंच. आणि त्या तर जाऊन किती वर्षं झाली. कशावरून लिहिलं तेच कुणाला आठवेना. हसून हसून पुरेवाट झाली आमची."

मला हे मान्य केलंच पाहिजे की इतक्या स्वस्तात इतका सुखाचा संसार मी दुसरा पाहिलेला नाही. वर्गाने केलेल्या एका पाहणीनुसार ही पद्धत पाळणाऱ्या घरांत चिंतेचं प्रमाण निम्म्यावर येतं. कामं होण्याचं प्रमाण किती येतं, याची पाहणी झालेली नाही. तिला जागा देण्यात आली आहे.

या सुखी घरात एक तिसरा माणूसही राहत होता. मेहुण्यांचे वडील.

साऱ्या बाजारात ते ‘पेंटर’ या नावानेच ओळखले जातात, कारण आयुष्यभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. हात थकला तेव्हा ब्रश ठेवला, पण खोड गेली नाही. रोज संध्याकाळी ते बाजारातून एक फेरी मारत आणि प्रत्येक पाटीचा समाचार घेत. स्वतःच्या पाट्यांपुढे थोडं जास्त थांबत. घरी परतले की अहवाल. "त्या औषधवाल्याने नवी पाटी लावलीय. अक्षरं बघितलीस तर वाटतं, सगळी एका आईची लेकरं आणि सगळी उपाशी." ही फेरी म्हणजे त्यांचं वर्तमानपत्र, त्यांचं मित्रमंडळ आणि त्यांची औषधाची गोळी. तिच्यात खंड पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

मुलाच्या लेबलांबद्दलही त्यांचं मत होतंच.

"अक्षराला पोट हवं," ते मला म्हणाले. "हे यंत्र नुसती हाडं छापतं."

"बाबा, अक्षर कसं आहे याला महत्त्व नाही," मेहुणे शांतपणे म्हणाले. "ते डब्यावर आहे, याला महत्त्व आहे."

"असं होय," पेंटर म्हणाले. "मग मी उगाचच एवढी वर्षं शिडीवर चढलो."

पुढे हळूहळू एक गोष्ट घडू लागली. चहाचा कप डाव्या हाताला ठेवला की पेंटर तो पाडत. एकदा पाडला, दोनदा पाडला. दाराच्या चौकटीला डावा खांदा लागायला लागला. बाजारातून ते लवकर परतू लागले आणि अहवालही आखूड झाला. "हल्ली दुकानदार पाट्याच लहान करायला लागलेत," एकदा ते म्हणाले. "मधली दोन अक्षरं तेवढी लावतात. कडेची गाळतात. पैसे वाचवत असतील मेले."

घरात यावर तातडीने कार्यवाही झाली. कप उजवीकडे ठेवावा असं ठरलं आणि टेबलाच्या डाव्या अंगाला ‘इथे काही ठेवू नये’ असं लेबल लागलं. कप फुटायचे थांबले. मेहुण्यांनी ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा टाळ्या पडल्या.

आपला चष्म्याचा नंबर वाढला असावा, असं समजून पेंटर चष्मेवाल्याकडे गेले. हा चष्मेवाला त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या दुकानाची पाटी पेंटरांनीच रंगवलेली, निळ्यावर पिवळी अक्षरं, खाली एक चष्मा, आणि चष्म्याच्या काचेत चमक. ती चमक साधायला त्यांना दोन दुपारी लागल्या होत्या, असं ते सांगत. चष्मेवाल्याने तपासलं, पुन्हा तपासलं, आणि चष्मा विकायची संधी असूनही विकला नाही.

"काका, हा चष्म्याचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. "डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि ह्याच आठवड्यात दाखवा. कडेचं दिसेनासं होतंय. हा रोग दुखत नाही, खुपत नाही, पण जे नेतो ते परत देत नाही. तिथे डोळ्यांत थेंब टाकतात, मग तासभर धड दिसत नाही. एकटे जाऊ नका. घरातलं कुणीतरी सोबत न्या."

एवढाच निरोप पेंटरांनी घरी येऊन सांगितला. म्हणजे प्रश्न अगदी साधा होता. एका म्हाताऱ्या माणसाचे डोळे, आणि त्यासाठी कुणाचातरी अर्धा दिवस.

आता अर्धा दिवस म्हणजे बसल्या जागी उरकणारं काम नव्हे, हे उघड आहे. तो प्रकल्प. नियम तीन. मेहुणे उठले आणि त्यांनी प्रकल्पाला साजेसा डबा शोधायला घेतला. घरातले डबे लहान पडले म्हणून शनिवारी सकाळी ते बाजारात गेले. झाकण हिरवं असावं की पिवळं, यावर नवरा-बायकोत विचारविनिमय झाला. पिवळा रंग मनाला घाई लावतो, असं वर्गात सांगितलेलं असल्यामुळे हिरवं घेतलं. लेबलाचा मजकूर तीनदा बदलला. ‘बाबांचा आजार’ यात भीती आहे. ‘बाबांची तपासणी’ यात आज्ञा आहे. शेवटी ‘बाबांचे डोळे’ एवढंच ठरलं. त्यात नुसतं प्रेम आहे. डबा वरून दुसऱ्या फळीवर, बरोबर मधोमध ठेवला गेला. दिवेलागणीला सगळं उरकलं. अर्धा दिवस वाचवण्यात एक अख्खा दिवस गेला, पण तो सुखात गेला.

"झालं, बाबा," मेहुणे हात पुसत म्हणाले. "तुमचं काम मार्गी लागलं."

"कधी जायचं मग?" पेंटरांनी विचारलं.

मेहुण्यांनी त्यांचा खांदा थोपटला आणि डब्याकडे बोट दाखवलं. नियम चार.

वर्गाच्या शिस्तीप्रमाणे दर रविवारी सकाळी ‘आढावा’ असतो. सगळे डबे खाली उतरवायचे, ओल्या फडक्याने पुसायचे, लेबल मोठ्याने वाचायचं, एक दीर्घ श्वास घ्यायचा, आणि डबा होता तिथे ठेवायचा. ‘रविवारी बोलू’ सोडला तर कुठलंही झाकण उघडायचं नाही. (उघडल्यास आतला विषय बाहेर येण्याचा संभव असतो.) एका आढाव्याला मी हजर होतो. मेहुणे पुसत होते, बहीण वाचत होती, पेंटर खुर्चीत बसून बघत होते. म्हणजे जेवढं दिसत होतं तेवढं बघत होते.

"बाबांचे डोळे," बहीण म्हणाली, आणि दोघांनी श्वास घेतला.

"व्वा," पेंटर माझ्याकडे तोंड करून म्हणाले. "दर आठवड्याला माझे डोळे पुसून वर ठेवतात बघा. इतकी काळजी कोण घेतं हल्ली."

"पेंटरकाका, तुम्ही एकदा ठणकावून सांगा ना," मी हळूच म्हटलं.

"पाटी रंगवून दिली की गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा सांगायचं नसतं, ‘अहो, वाचा’ म्हणून," ते म्हणाले. "एकदा सांगितलं. तो माझा मुलगा आहे, बहिरा नाही."

मग मीच मेहुण्यांकडे विषय काढला. त्यांनी तो अत्यंत आदराने ऐकून घेतला, यंत्रावर ‘दादांनी आठवण केली’ असं लेबल छापलं, आणि त्याच डब्याच्या बाजूला चिकटवलं. मला वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. आठवण करून देणं हे काम करण्याच्या खालोखालचं पुण्य आहे, आणि त्यासाठी खुर्चीतून उठावं लागत नाही. तो डबा पुढे पुढे फारच देखणा दिसू लागला. शेजारीण आठवण करून गेली, तिचं लेबल लागलं. कचेरीतल्या साहेबांनी चौकशी केली, त्यांचं लागलं. पेंटरांच्या डोळ्यांबद्दल आस्था नसलेला माणूस त्या परिसरात शोधून सापडला नसता.

दरम्यान पेंटरांची नजर दिवसेंदिवस अरुंद होत होती आणि घराची व्यवस्था तितक्याच तत्परतेने तिच्यामागे चालली होती. डाव्या भिंतीवर ‘इथे भिंत आहे’. जिन्यावर ‘पायरी’. पेंटरांना ही लेबलं दिसत नाहीत असं लक्षात आल्यावर मोठ्या अक्षरांची छापली. तीही दिसेनात तेव्हा त्याहून मोठी. डॉक्टरकडे नेण्याऐवजी अक्षर मोठं करणं हा उपाय किती कमी कष्टाचा आहे, हे सुज्ञांना सांगायला नको. शेवटी ‘पायरी’ या शब्दातलं एकेक अक्षर एकेका पायरीवर मावू लागलं, आणि तो शब्द वाचायचा तर तीन पायऱ्या उतरून जावं लागे.

याच सुमारास वर्गाने ‘आदर्श घर’ म्हणून मेहुण्यांच्या घराची निवड केली आणि प्रशिक्षक आपल्या शिष्यांना घेऊन पाहायला आले. पंधरावीस माणसं मोजे घालून हळूहळू घरभर फिरली. नळापाशी काही जण भारावून उभे राहिले. मग प्रशिक्षक फळ्यांपाशी आले आणि त्यांनी हिरव्या झाकणाच्या डब्यावर तळहात ठेवला.

"इथे पाहा," ते म्हणाले, आणि थांबले. "प्रत्यक्ष वडिलांचे डोळे." पुन्हा थांबले. "दुसऱ्या एखाद्या घरात काय झालं असतं? धावपळ. रजा. रिक्षा. रांग. इथे कुणाच्या कपाळावर आठी दिसते का?"

दिसत नव्हती. पेंटर खुर्चीत बसलेले होते; लोकांनी त्यांचे आणि डब्याचे एकत्र फोटो काढले. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, "मग दाखवलं का यांना डॉक्टरांकडे?"

स्वयंपाकघरातला नळ सगळ्यांना ऐकू आला.

"ताई," प्रशिक्षक करुणेने म्हणाले, "हा प्रश्न कुठून येतो? प्रश्नाकडे नका बघू. तो कुठून येतो तिकडे बघा."

"मी यांच्याकडे बघतेय," बाई म्हणाल्या. त्यांना पुढच्या वर्गापासून बोलावलं गेलं नाही असं कळतं. प्रत्येकाची तयारी सारखी नसते.

पेंटर मात्र उठले. "गर्दी झालीय," ते सुनेला म्हणाले, "मी फेरी मारून येतो," आणि जिन्यावरच्या अक्षरांवरून चाचपडत उतरून गेले. पाहुण्यांचा चहा चालू होता, त्यामुळे त्यांना कोणी अडवलं नाही. शिवाय बाहेर निघालेल्या माणसाला अडवणं हे ताणाचं लक्षण आहे.

पुढचं मला चष्मेवाल्याने सांगितलं. पेंटर भिंतीला हात लावत लावत त्याच्या दुकानापर्यंत आले आणि समोर रस्त्यात उभे राहून वर बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग आत येऊन म्हणाले, "काय रे, माझी पाटी काढून टाकलीस? निदान सांगायचं तरी. मी उतरवून नेली असती."

पाटी जागेवरच होती. निळ्यावर पिवळी, चष्म्यातल्या चमकेसकट.

चष्मेवाला जागचा उठला. दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला त्याने उठवलं. शटर अर्धं ओढलं, ते अडकलं, तसंच सोडलं, आणि पेंटरांचा हात धरून त्यांना रिक्षात घातलं. या माणसाकडे कोणतीही पद्धत नाही. त्याचा गल्ला विस्कटलेला असतो, काचा पुसायचं फडकं तो दिवसभर शोधत असतो, आणि त्या दिवशीची संध्याकाळची सगळी गिऱ्हाइकं त्याने गमावली. निवांत वर्गाच्या दृष्टीने पाहता तो अत्यंत वाया गेलेला माणूस आहे.

इस्पितळातून फोन आला तेव्हा पाहुणे नुकतेच गेले होते. मी, मेहुणे आणि बहीण असे तिघे तिथे पोचलो. डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या. त्यांनी सांगितलं, की डावा डोळा गेला. त्याला आता काही करता येणार नाही. उजव्याचाही बराच भाग गेलाय, फक्त मधली एक खिडकी राहिली आहे; ती रोज वेळेवर थेंब घातले तर टिकेल.

"आधी कुठे दाखवलं होतं?" त्यांनी विचारलं.

"दाखवलं असं नाही," मेहुणे म्हणाले. "पण पहिल्या दिवसापासूनच हा विषय आम्ही मार्गी लावलेला होता."

"म्हणजे काय केलं होतं?"

मेहुण्यांनी मोबाइल काढून त्यांना डब्याचा फोटो दाखवला. डॉक्टरीणबाईंनी तो बघितला. दोन बोटांनी मोठा करून त्यावरची सगळी लेबलं वाचली. ‘दादांनी आठवण केली’ हेही वाचलं आणि एकवार माझ्याकडे पाहिलं. मग मोबाइल परत दिला आणि म्हणाल्या, "पुढचा पेशंट पाठवा."

बाहेर बाकावर पेंटर चष्मेवाल्याच्या खांद्याला टेकून बसले होते. बहीण त्यांच्या पायाशी बसली आणि रडायला लागली. रडणं हे लेबलाशिवायचं होतं, त्यामुळे मेहुण्यांना त्याचं काय करावं ते कळेना. ते भिंतीकडे तोंड करून श्वास घेत राहिले.

"रडू नकोस, सूनबाई," पेंटर म्हणाले. त्यांचा हात तिचं डोकं शोधत होता. तो आधी हवेत गेला, मग तिच्या खांद्यावर पडला. "मधलं दिसतंय ना. मधली अक्षरं दिसली की कडेची माणूस अंदाजाने लावतो. वाचनाचा धंदा असाच चालतो."

बहिणीने त्या दिवसापासून थेंब स्वतःकडे घेतले. ती ते पदराच्या टोकात बांधून फिरते, कुठल्या डब्यात ठेवत नाही, आणि वेळ झाली की हातातलं काम टाकून उठते. यामुळे तिचा निवांतपणा पार गेला, कपाळावर आठ्या आल्या, आणि रविवारच्या आढाव्याला ती बसत नाही. मेहुण्यांना याचं वाईट वाटतं. त्यांनी एक डबाही तिच्यासाठी केला आहे.

या घरात सगळ्यात वर आणखी एक फळी होती, ती सांगायची राहून गेली. तिच्यावर ‘पूर्ण’ असं लेबल होतं, आणि सुतार गेल्यापासून ती रिकामीच होती. आता तिच्यावर एक डबा आहे. मेहुण्यांनी तो स्वतः शिडीवर चढून ठेवला. लेबलात तेवढी किरकोळ दुरुस्ती केली: ‘बाबांचा डावा डोळा’. या विषयात आता करण्यासारखं काहीच उरलेलं नसल्यामुळे तो पूर्ण झाला, हे तर्काला धरूनच आहे. प्रशिक्षकांनी पुढच्या वर्गात याचा गौरवाने उल्लेख केला. एखादा विषय हाताने न शिवता थेट पूर्ण फळीवर गेल्याचं हे वर्गाच्या इतिहासातलं पहिलंच उदाहरण आहे.

मेहुण्यांचा तुम्हाला राग आला असेल. येऊ द्या, रागाला कष्ट पडत नाहीत. वाचता वाचता मध्येच कुठेतरी तुमच्याही डोळ्यांसमोर एक माणूस येऊन गेलं असेल. घरातलंच, हल्ली जिना उतरताना थांबणारं, किंवा दोनदा हाक मारल्यावर ओ देणारं, किंवा ‘काही नाही गं, होतं असं’ म्हणणारं. आणि तुम्ही मनात म्हटलं असेल, खरंच, एकदा दाखवून आणायला हवं. म्हटलं ना? आणि तेवढं म्हटल्यावर जरा बरंही वाटलं, आणि तुम्ही पुढे वाचत राहिलात.

अभिनंदन. आमचे मेहुणे याच गोष्टीसाठी फी भरून आले.